दुसरा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शिकवणाऱ्याच्या. या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून मास्तर एकोणीस वर्षं पोट भरत आले आहेत. छोटी पांढरी गाडी, टपावर लाल पाटी, दारावर दोन्ही बाजूंनी फोन नंबर. कसलाही घाबरट माणूस आणून बसवा, आठव्या दिवशी तो गाणं गुणगुणत गिअर बदलतो, असं ते छातीठोकपणे सांगत.

म्हणून साडेतीन वर्षांच्या मुलीची, गोटीची, शाळा सुरू व्हायची वेळ आली तेव्हा ते बायकोला म्हणाले, "तू काळजी करू नकोस. घाबरलेल्यांना मार्गाला लावणं हाच आपला धंदा आहे."

हे वाक्य बायकोने जपून ठेवलं आहे. पाहुणे आले की काढते.

शाळेच्या बाईंनी सगळ्या पालकांना एकच सांगितलं होतं. पहिले दोन दिवस वर्गात बसा, तिसऱ्या दिवशी दारात निरोप घ्या आणि निघा. मास्तरांनी त्यांना नम्रपणे आपली पद्धत समजावून सांगितली: आधी शेजारी बसायचं, मग हळूहळू पाय काढायचा, शिकणारा तयार झाला की आपण उतरायचं. बाई म्हणाल्या, "बरं." मास्तरांना वाटलं, पटलं.

तिसऱ्या दिवशी बाकीचे पालक गेले. मास्तर राहिले. आठव्या दिवशीही ते तिथेच होते, भिंतीला लागून, वीतभर उंचीच्या निळ्या खुर्चीत, गुडघे कानाशी घेऊन. मुलांना ते नवीन विद्यार्थी वाटू लागले होते. एकाने त्यांना खडूही आणून दिला.

अडचण एकच होती. एक मुलगा प्लास्टिकच्या ट्रॅक्टरवर बसून वर्गभर हिंडायचा. तो गोटीच्या दिशेने वळला की मास्तरांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. जमीन लाकडी. धप्प आवाज व्हायचा. गोटी वळून बापाच्या तोंडाकडे बघायची, तिचा ओठ वाकडा व्हायचा आणि ती रडू लागायची. मास्तर बाईंकडे बघायचे. बघा, अजून तयार नाही.

त्या बुधवारी बाईंनी त्यांना बाजूला घेतलं.

"मी आज मोजलं. तुम्ही अकरा वेळा पाय आपटलात. गोटी नऊ वेळा रडली."

"म्हणजे दोनदा नाही रडली," मास्तर म्हणाले.

"तेव्हा ती बाथरूममध्ये होती."

मग बाईंनी हिशोबाचं सांगितलं. शुक्रवारी तिला दारात सोडायचं. जमलं नाही तर नाव काढून पुढच्या वर्षी आणायचं. जागेसाठी बाहेर मुलं थांबली होती.

गोटीची आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते आणि साडेसहाला घर सोडते. तिने सगळं ऐकून घेतलं. "पुढच्या वर्षी म्हणजे अजून वर्षभर ती तुझ्या मागच्या सीटवर. तुला तेच हवंय ना?"

मास्तर उठून पाणी प्यायले. गेलं वर्ष गोटीने त्या सीटवर काढलं होतं, पट्टा लावून, मांडीवर चित्रांचं पुस्तक घेऊन, मोठ्यामोठ्या माणसांना "क्लच दाबा, काका" असं बजावत. आता सीट रिकामी होती, पण मधला आरसा अजून तिच्या उंचीला लावलेला होता. शिकणारे रोज तो सरळ करत. मास्तर रोज परत वाकडा करत.

गुरुवारी संध्याकाळी सिस्टरांचा क्लास होता. या निवृत्त नर्स, वय त्रेसष्ट. बसच्या पायऱ्या चढवेनात म्हणून गाडी शिकायला आलेल्या. गोदामामागच्या मोकळ्या मैदानात त्यांनी मधेच गाडी थांबवली. म्हणजे थांबवली मास्तरांनीच.

"मास्तर, मी ब्रेक शोधेपर्यंत तुम्ही दाबून मोकळे होता. एकतीस दिवस झाले. या गाडीचा ब्रेक कसा लागतो, मला माहीतच नाही. आज तुम्ही मागे बसा."

"तसं चालत नाही, सिस्टर."

"मैदानात एक झाड आहे. तेही हलत नाही. बसा."

चाळीस वर्षं वॉर्ड चालवलेल्या बाईचा आवाज होता. मास्तर गोटीच्या जागेवर बसले. खाली एक मेणाचा खडू आणि अर्धं बिस्कीट सापडलं. सिस्टरांनी झाडाकडे गाडी नेली. मास्तरांनी जिवाच्या आकांताने पायपुसणं दाबलं. पायपुसण्याला काही झालं नाही. गाडी झाडाच्या बरीच अलीकडे, गचका देऊन, पण थांबली.

सिस्टर आरशात बघत होत्या. "तोंड नीट करा हो. तुमचं तोंड बघून मला वाटलं, मागून ट्रक आला."

शुक्रवारी सकाळी मास्तरांनी दाढी करताना तोंड नीट करायचा सराव केला. गोटी बाथरूमच्या दारात उभी राहून बघत होती.

"बाबा, दाढ दुखते?"

वर्गाच्या दारात ते ठरल्याप्रमाणे म्हणाले, "बाराला येतो." गोटीने त्यांची पँट धरली. बाईंनी ती मूठ सोडवली आणि मास्तर पाठ फिरवून चालू लागले. रडणं लगेच सुरू झालं. फाटकापर्यंत ऐकू आलं, गाडीतही ऐकू आलं. गाडीतल्या घड्याळाप्रमाणे चार मिनिटं. मग थांबलं. थांबलं तेव्हा मास्तरांना जरा अपमान झाल्यासारखं वाटलं.

सव्वानऊला सिस्टरांना शाळेपाशीच यायला सांगितलं होतं. मास्तरांनी ठरवलं, गाडी पुढच्या सावलीत न्यावी. त्यांनी पाय ब्रेकवर ठेवला, समोर बघितलं आणि वाट बघितली. गाडी निघेना. बराच वेळ निघेना. शेवटी सिस्टरांनीच येऊन काचेवर टकटक केली.

"मास्तर, गाडी कोण चालवतंय?"

मास्तरांनी शेजारी बघितलं. स्टिअरिंगमागे कोणी नव्हतं. एकोणीस वर्षांच्या सवयीने ते शिकवणाऱ्याच्या सीटवर बसले होते.

सिस्टर स्टिअरिंगमागे बसल्या. मास्तरांनी दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. चौकात मात्र त्यांनी पाय खाली घेतले. सिस्टर म्हणाल्या, "तेवढं चालेल."

बाराला बाईंनी गोटीला हाताला धरून आणलं. "चार वेळा विचारलं, बाबा कुठे. पाचव्यांदा विचारायचं राहून गेलं. सोमवारी डबा जरा मोठा द्या."

मास्तरांनी मान हलवली. घरी हे सांगताना पाचव्यांदाचं गाळायचं त्यांनी तिथेच ठरवलं.

गोटी मागच्या सीटवर चढली. मास्तर या वेळी नीट बघून स्टिअरिंगमागे बसले.

"ट्रॅक्टरवाल्याने मला धडक दिली," ती म्हणाली.

"मग?"

"मग मी ट्रॅक्टर घेतला आणि त्याला धडक दिली."

मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी तेव्हा उभीच होती.