संत्र्याच्या मॅडम

मी काही सांगायला लागलो की मॅडम उजवा तळवा पालथा धरायच्या आणि उतू चाललेल्या दुधावर झाकण ठेवावं तसा हळूहळू खाली न्यायच्या. "खाली घ्या, चाचा."

दारव्ह्याच्या उन्हात जीपच्या बोनेटवर मी दहा पापड भाजले, असं एकदा म्हणालो. तळवा खाली आला. मी पाचावर आलो. तळवा आणखी खाली. शेवटी एका पापडावर आमचा सौदा पटला, तोही कच्चा.

तुम्ही हसाल, पण अशा बाईची जीप मी कैक वर्षं चालवली. गावाबाहेर संत्र्याचा प्रयोगाचा मळा होता, त्याच्या त्या मुख्य. मूळच्या पुसदच्या. काम असं, की दोन जातींचा संकर करून रोपं वाढवायची आणि वीतभर झाली की प्रत्येकाच्या पानाचा टिकलीएवढा तुकडा प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथं पानातली जनुकं वाचत. मॅडमचा कॉम्प्युटर ती जुन्या झाडांच्या माहितीशी ताडून सांगे, हे रोप मोठेपणी उन्हात फळ धरून ठेवेल की गाळून टाकेल. फळ यायला सात-आठ वर्षं, निकाल मात्र बालवाडीतच.

मी ही गोष्ट बाजारात जराशी मोठी करून सांगितली. मग काय, एक बाई पोराचा फोटोच घेऊन आली. याचं पुढं काही जमेल का, तेवढं मशीनीत पाहून द्या म्हणे. मॅडमनं फोटो नीट पाहिला, पोराचं नाव विचारलं, बाईला चहा पाजला आणि म्हणाल्या, "याला पान लागतं हो, फोटोवर चालत नाही." माझ्यापुढं मात्र दिवसभर तळवा.

बहुतेक रोपं नापासच व्हायची. ती त्या मजुरांना उपटू देत नसत, स्वतः उपटायच्या. त्या दिवशी जीपमध्ये मी टिपेश्वरच्या वाघाला लिफ्ट दिल्याची गोष्ट सांगितली, तरी हात मांडीवरून उठला नाही.

पास झालेल्या रोपांची झाडं झाली. पहिली फळं धरली तो उन्हाळा असा, की सूर्य मळ्यातच मुक्कामाला आला होता. शेजारच्या बागांत हिरव्या फळांचा सडा पडला. आमच्या झाडांनी फळ सोडलं नाही. कॉम्प्युटरचं खरं निघालं. फक्त गोडीचं त्याला अर्धंमुर्धंच कळतं, ती खाऊनच पाहावी लागते, असं मॅडम म्हणायच्या. त्या एका फोडीसाठी त्यांनी इतकी वर्षं काढली होती.

हिवाळ्यात फळ पिकलं तेव्हा त्या नागपूरच्या दवाखान्यात होत्या. मी पहिलं संत्रं रुमालात बांधून नेलं. त्यांनी एक फोड तोंडात ठेवली, बराच वेळ चघळली. औषधांनी तोंडाची चव गेली होती. काहीच कळेना. दुसरी फोड माझ्यापुढं केली.

"तुम्ही खा, चाचा. आणि खरं सांगा."

मी खाल्ली. थाप मारायला साखरेचे डोंगर जिभेवर तयार होते. पण त्यांचा हात पांघरुणात होता, आणि आज तो वर येणार नव्हता.

"आंबट हाय, मॅडम."

"किती?"

"डोळे मिटतेत इतकं."

त्या एकदम पुसदच्या बोलीत म्हणाल्या, "मंजे अजून एक पिढी." तोंडातल्या बिया काढून पुसल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. "बाजूच्या गोड झाडाचा पराग एखाद्यात आला असन. लावून ठेवा. मी आली की पाहू."

त्या आल्या नाहीत. मळ्याचं कामही बंद पडलं.

बिया मी घरामागं लावल्या. आता रोपं गुडघ्याएवढी झालीत, सगळी एकसारखी हिरवी. जागा एकाच झाडाची आहे. कोणतं ठेवायचं आणि कोणतं उपटायचं, हे सांगणारं कुणी राहिलं नाही. मी सगळ्यांनाच पाणी घालून राह्यलो.