नावापुढचा रकाना

"कोट्यातल्या माणसाच्या हातात काम दिलं की असंच होतंय."

सर हे पालकांसमोर बोलले. राजारामपुरीतल्या क्लासचा हॉल गच्च भरलेला. भिंतीवर मी काढलेली चाचणीची गुणवत्ता यादी, आणि तीत एकाही पोराची बेरीज बरोबर नव्हती. दोघं-तिघं हसले. मी लॅपटॉप छातीशी धरून उभी.

कसला कोटा? खाजगी क्लास तो. एक्सेलमध्ये आपोआप बेरजा करून यादी लावणारा मॅक्रो सरांसमोर लिहून दाखवला, तेव्हा कामावर लागले. पण तोंडाला कुलूप मीच लावून घेतलं होतं. आडनावावरून जातीचा अंदाज येईना म्हणून सरांनी पहिल्याच दिवशी माझं गाव ऐकून विचारलं होतं, "गडमुडशिंगीत घर कुठं?" रोख कळला होता मला. म्हणाले, "शाळेजवळ." पुढे भीमजयंतीला सुट्टी मागितली तेव्हा त्यांना कळलंच. त्या खोट्याची लाज मला अजून वाटते.

आत जाऊन मॅक्रो उघडला. गुणांची रेंज मी सी ते जी लिहिली होती. पाच विषय, पाच रकाने. बेरजेत गणितच नव्हतं. पत्रक बघितलं तर नावापुढं कुणीतरी नवा रकाना घातलेला. सगळे विषय एकेक घर सरकले आणि गणित रेंजच्या बाहेर पडलं. मॅक्रोतली अक्षरं आपोआप सरकत नाहीत. ती तशी पक्की लिहिली, एवढी चूक माझी.

नव्या रकान्यावर लिहिलं होतं, जात. प्रत्येक पोराच्या नावापुढं भरलेली.

"हे कशाला, सर?"

"बॅचा पाडायला. शेजारी कोण बसतंय, पालकच इचारत्यात की. तू रेंज तेवढी नीट कर."

केली. मॅक्रो आता विषयाचं नाव बघून गुण उचलेल असा लिहिला. मग तो रकाना पुसला. नवी यादी भिंतीवर लावली आणि पालकांकडं तोंड केलं.

"तुमच्या पोरांच्या जाती भरायला सरांनी मधी रकाना घातला, म्हणून बेरीज चुकली. मी तो काढलाय."

आता कुणी हसलं नाही. सर ओरडले, "उद्यापासनं यायचं न्हाय!"

"न्हाय येत. आणि माझं घर शाळेजवळ न्हाय. बुद्धविहाराला लागून हाय."

काम गेलं. आता नव्या ठिकाणी जाते तेव्हा कुणी विचारायच्या आधी घर सांगते. तोंडं पडतात. पडू देत. त्यानंतरच लॅपटॉप उघडते.