तानाबाईचा डोह

तानाबाईला गावात कुणी शहाणी म्हणत नसे. शहाणे सगळे ग्रामपंचायतीत बसत. सोनाळ्याच्या अलीकडे नदीकाठी ती राहायची, डोहातले मासे धरायची आणि बाजाराच्या दिवशी सोनाळ्याला नेऊन विकायची. नवरा गेल्यापासून चूल त्यावरच पेटत होती. महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण तिचं राज्य त्या डोहाएवढंच.

त्या डोहाचं वाटोळं केलं सरपंच उत्तमरावांनी. घरी व्याही जेवायला येणार म्हटल्यावर माणूस गळ टाकतो, जाळं टाकतो. यांनी विहिरीला आणलेले सुरुंग डोहात उडवले. टोपलीभर मासे मिळाले आणि तळाची कपार, जिच्यात मासोळ्या अंडी घालत, तिचा चुरा झाला. पुढली दोन वर्षं तिथं काही हललं नाही. उत्तमराव मात्र त्या जेवणाचं कौतुक चावडीवर सांगत राहिले.

तानाबाईनं दोन उन्हाळे पाण्यात उभं राहून दगडावर दगड रचला, फटींत बाभळीच्या फांद्या खोचल्या. झुंबरबाई आणि गोजरबाई शेतातून परतताना एकेक दगड डोक्यावर आणून देत. गाव पोट धरून हसलं. तिसऱ्या वर्षी त्या फटींत इवली पिल्लं लुकलुकली, तेव्हा तानाबाई काठावर बसून रडली.

लगेच उत्तमरावांना आठवलं, डोह गावाचा आहे. डोह सुधार कमिटी झाली; अध्यक्ष कोण हे विचारायलाच नको. पाहणीला तालुक्याचे साहेब यायचे ठरले. आणि साहेब येणार म्हटलं की आपल्याकडे दिसेल त्या दगडाला चुना फासतात. शाळेपुढचे दगड संपले तशी मंडळी बादल्या घेऊन डोहात उतरली. तानाबाई आडवी आली.

"पाटील, पाण्यात चुना नका टाकू. पिल्लं मरतीन."

"तुले काय समजते त्यातलं? साहेबाले डोह चकाचक दिसला पाह्यजे," उत्तमराव म्हणाले. वर पाणी निर्मळ व्हावं म्हणून उरलेली दोन पोती त्यांनी डोहातच रिकामी करवली. एवढी अक्कल एका माणसात कशी मावते, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. हार झाले, भाषणं झाली, काठावरच्या नव्या पाटीवरचं फडकं साहेबांनी ओढलं. टाळ्या पडल्या. खाली पाण्यावर पिल्लं पोटं वर करून तरंगत होती. साहेबांनी विचारलं, तेव्हा उत्तमरावांनी सांगितलं की ती ऊन खायला वर आलीत. साहेबांना पटलं. त्यांना भूक लागली होती.

तानाबाईला वाचता येत नव्हतं. पाटी रंगवणारा सहदेव जवळच उभा होता. काय लिहिलंय ते तिनं त्याला विचारलं. त्यानं खाली मान घालून सांगितलं, इथं मासे मारायला मनाई आहे, मारणाऱ्याला पोलिसांत देण्यात येईल.

ती पाण्यात उतरली. ओंजळभर मेलेली पिल्लं आणून तिनं साहेबांपुढच्या टेबलावर, हारांवर ठेवली.

"साहेब," ती म्हणाली, "मंग सरपंचाले कवा नेता?"