आंबोलीला आलेली भरती

परवा कट्टा गावच्या एसटी स्टँडवर एका हॉटेलातून ओल्या लाकडांचा धूर आणि मिरचीच्या भज्यांचा वास आला, आणि मी सरळ साठ वर्षांमागच्या आंबोलीत जाऊन पोचलो.

लग्न नवं होतं. साहेबलोकांच्या वेळचं ते थंड हवेचं गाव बायकोला दाखवायचं म्हणून एसटीने घाट चढून नेलं होतं. सुलोचना देवबागची, खाडी आणि समुद्राच्या मधल्या वाळूवर वाढलेली. डोंगर तिने लांबूनच बघितलेला. दरीच्या काठाला चहाचं खोपटं होतं. बाकावर बसलो, मध्ये भज्यांचा कागद ठेवला, बशीत चहा ओतला, तोच खालून धुकं चढू लागलं. आधी झाडं बुडाली, मग घाटाची वळणं. डोंगरांचे नुसते माथे उरले, समुद्रातल्या खडकांसारखे. एवढं पांढरं पाणी मी दर्यावरही कधी बघितलं नव्हतं.

ती ताडकन उठली. "अहो, भरती इली! होडी वर ओढलास मां?"

"खुळे, धुकां ता!" मी मोठ्याने हसलो. चहावालाही हसला.

"हसा," ती म्हणाली. "दर्यो डोंगर चढान इलो, आणि तुमका भजी व्हयी."

ही गोष्ट मी जन्मभर येईल त्याला सांगितली आणि तिला खुळी ठरवली. तीपण हसायची. चार महिन्यांपूर्वी ती गेली.

एक तेवढं तिला सांगायचं राहिलं. त्या दिवशी हसता हसता मी दोन्ही पाय बाकावर घेतले होते. पाणी लागेल म्हणून.