दुष्काळातली छत्री

आमच्या भाचे सरांच्या काखेत बारा महिने काळी छत्री असायची. पाऊस दोन-दोन वर्षं तोंड दाखवायचा नाही, तलावाच्या तळाला भेगा पडायच्या, आणि सर टँकरच्या रांगेत छत्री उघडून उभे. "सर, पाऊस न्हाई पानी न्हाई, छत्री कावून?" असं कुणी विचारलं की ते एकच शब्द बोलत. "लागंल." गाव हसायचं. मीही हसायचो, त्याची मला आता लाज वाटते.

भाचे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते चेअरमनचे भाचे, म्हणून भाचे सर. बहीण आणि मेहुणा लवकर गेले तेव्हा चेअरमननं त्यांची दोन पोरं आपल्या घरी आणली. थोरला किसनदादा आणि धाकटे आमचे सर. चेअरमन म्हणजे उपसा सिंचन सोसायटीचा चेअरमन. तलावाचं पाणी पाइपानं शिवारात जायचं, आणि ज्या खोलीत व्हॉल्व्ह होता तिची चावी या माणसाच्या करगोट्याला. दुष्काळात पाणी फक्त त्याच्या उसाकडं वळायचं. माझ्या बापाची मोसंबीची बाग उभ्या उभ्या वाळली. बापानं स्वतःच्या हातानं झाडं तोडली, त्या दिवशी मी चेअरमनला इतक्या शिव्या दिल्या की आई म्हणाली, "जीभ झडंल तुजी." अजून झडलेली नाही.

पण माझं दुःख झाडांचं. सरांचं भावाचं होतं. तळ्यातलं पाणी आटलं तसं चेअरमननं आपली विहीर खोल करायला काढली आणि किसनदादाला खाली उतरायला सांगितलं. दादा म्हणाला, "दरड सुटली हाय, आज नगं." चेअरमन म्हणाला, "उतर बे, ऊस वाळायलाय." दादा उतरला आणि दरड त्याच्या अंगावर आली. चेअरमननं पोलिसांना सांगितलं, पोरगं पिऊन उतरलं, मी नको म्हणत होतो. किसनदादा सुपारीसुद्धा खात नव्हता. मोटर दुरुस्त करायला आलेले रशीदभाई मिस्त्री विहिरीच्या काठावरच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण त्यांचं दुकान सोसायटीच्या गाळ्यात. ते फक्त सरांपाशी रडले.

त्या दिवसापासून सर 'मामा' म्हणेनासे झाले. घरातही ते "चेअरमन, जेवायला चला" असं म्हणत. गावाला वाटलं, मान देतोय. त्यातच सर थोडे येड्यासारखे वागायला लागले. उलटा सदरा घालून शाळेत यायचे, हाक मारली तर भलतीकडंच बघायचे, आणि ती छत्री. भावाच्या धक्क्यानं पोराचं डोकं गेलं, असं गावानं ठरवून टाकलं. चेअरमनला तर बरंच वाटलं असणार.

वर्गात मात्र सर शहाणे होते. पुस्तकात रोमच्या सात राजांना मोजून चार ओळी होत्या, सर त्यावर महिना काढायचे. "शेवटचा राजा टार्क्विन," ते खडू बोटात फिरवत सांगत. "लई माजोरी. त्यानं आपल्या भाच्याचा भाऊ मारला. मग भाच्यानं काय केलं? येड्याचं सोंग घेतलं. लोक त्याला ब्रुटस म्हनायला लागले. ब्रुटस म्हंजे मठ्ठ." कुणीतरी विचारायचं, पुढं काय झालं? सर चष्मा पुसत म्हणायचे, "पुढं राजा गेला. पन लगेच न्हाई. राग भाजीवानी गरम गरम वाढायचा नसतो, लोनच्यावानी मुरू द्यायचा असतो." आमच्या टाळक्यात तेव्हा काहीही शिरलं नाही.

रोमचा पहिला राजा पक्ष्यांनी ठरवला, हेही त्यांनीच सांगितलं. दोघे भाऊ राजेपणासाठी भांडत होते; रेमसला आधी सहा गिधाडं दिसली, रोम्युलसला मागून बारा, आणि तोच राजा झाला. आम्ही फिदीफिदी हसलो. सर म्हणाले, "हसू नका. तुमी बी दहाव्याला कावळ्याची वाट बघताच की. पक्षी खोटं बोलत न्हाई. पन पक्ष्यापाशी उभा कोन हाय, तेवढं बघत जावा."

कावळे ही सरांची खास मंडळी. दुपारच्या सुट्टीत ते शाळेच्या मागच्या भिंतीवर भाकरीचे तुकडे मांडायचे आणि छत्री उघडून शेजारी बसायचे. भिंतीपलीकडं ओढा, ओढ्याकाठी बाभळी, बाभळींवर कावळे. छत्री उघडी असेपर्यंत एकही खाली येत नसे. कुणी आगाऊपणा केलाच तर सर उघडी छत्री फडफडवायचे. मग ते छत्री मिटायचे, आणि सगळी बाभळ भिंतीवर उतरायची. वर्षानुवर्षं हा खेळ चालला. आम्ही म्हणायचो, येडं माणूस, कावळ्यांची शाळा घेतंय.

असा निरुपद्रवी माणूस चेअरमननं सोसायटीवर संचालक म्हणून घेतला. ह्यो काय बोलनार हाय, असं म्हणून. पुढच्याच दुष्काळात वार्षिक सभेत सर उठले. मी तोवर मास्तर होऊन त्याच शाळेत लागलो होतो, मागच्या सतरंजीवर बसलो होतो. सर म्हणाले, "रोमचा पहिला राजा गेल्यावर तिथल्या वडीलधाऱ्यांनी पाच पाच दिवस राज्य वाटून घेतलं. आपन चावी पाच पाच दिवस वाटून घेऊ. हरेक संचालकाला पाच दिवस." चेअरमन पोट धरून हसला. हसता हसता त्यानं आजूबाजूला पाहिलं, तर सगळ्यांचे हात वर. पाच दिवसांचं का होईना, राजा व्हायला कोण नको म्हणतो? करगोट्याची गाठ त्याला स्वतःच्या बोटांनी सोडावी लागली. मी ती बोटं डोळे भरून पाहिली. खोटं कशाला बोलू, जन्मात इतका आनंद झाला नव्हता.

चावी गेल्यावर चेअरमन खचला, अंथरुणाला खिळला. सर रोज त्याला पेज भरवायचे, अंग पुसायचे. एकदा मी तिथं असताना तो म्हणाला, "आता तरी मामा म्हन की रं." सर म्हणाले, "दादा पिऊन न्हवता, एवढं गावाला सांगा. मग म्हनतो." म्हाताऱ्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. तसाच गेला.

दहाव्याला सगळं गाव शाळेमागच्या ओढ्यात जमलं. पिंड मांडला, लोक मागं सरले. बाभळींवर कावळेच कावळे, पण एकही शिवेना. ऊन चढलं. चेअरमनचा मुलगा बबन हात जोडून एकेक कबूल करायला लागला. बहिणींना अंतर देणार नाही. देवळाचं शिखर बांधीन. कावळे जागचे हलेनात. बाया कुजबुजल्या, भाच्यात जीव अडकलाय. कुणीतरी म्हणालं, "सर, एकदा मामा म्हना." सर पिंडाजवळच उभे होते. उन्हात छत्री उघडून. त्यात कुणाला काही नवल वाटलं नाही. मला मात्र एकदम भिंतीवरची भाकरी आणि तिच्याशेजारची उघडी छत्री आठवली. मी इतरांसारखे हात जोडले आणि बाभळींकडं बघू लागलो.

विधी सांगणारे गुरुजी कंटाळून दर्भाचा कावळा करायला लागले. सर म्हणाले, "थांबा." मग बबनकडं बघून हळूच म्हणाले, "बबन, तुज्या बापाच्या मनात काय राहिलंय, ते तुला ठावं हाय." बबननं जोडलेले हात खाली सोडले. मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलला, "किसनदादा पिऊन न्हवता. तो नगं म्हनत होता. आमच्या बाबानं त्याला उतरवला." रशीदभाई मागं उभे होते, ते गर्दी सारून पुढच्या रांगेत आले.

सरांनी छत्री मिटली. दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, "या मामा, जेवा."

पंख वाजले आणि पिंड दिसेनासा झाला. लोकांनी हात जोडले. मी सरांच्या जागी असतो तर छत्री दिवस मावळेपर्यंत मिटली नसती. बापाची मोसंबी मला अजून सलते. पण सरांचं तेवढ्यावर भागलं. त्यानंतर ते उलटा सदरा घालायचे बंद झाले.

सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दहाव्याला आम्ही पिंड नीट मांडायच्या आतच कावळे तुटून पडले, गुरुजींच्या खांद्याला पंख लागले. छत्री माझ्याकडं आहे. दुपारी मी शाळेच्या भिंतीवर भाकरी मांडतो. यंदा पुन्हा पाऊस नाही, आणि नव्या चेअरमननं चावी पुन्हा आपल्या कंबरेला बांधली आहे. परवा जीप थांबवून त्यानं मला विचारलं, "मास्तर, दुष्काळात छत्री कावून?"

मी म्हणालो, "लागंल."