रखमाजी कारकुनाची सरासरी

संशय रखमाजीच्या पाचवीलाच पुजलेला होता. भोरच्या शाळा-कचेरीतला हा कारकून बाजारात अंडं घेतलं तरी कानाशी हलवून बघायचा. अशा माणसाला वरिष्ठांनी एकोणीसशे पस्तीस आणि छत्तीस, अशी सलग दोन वर्षं वेल्ह्याकडच्या शाळांच्या परीक्षा घ्यायला धाडलं. गावोगावच्या मास्तरांची झोप उडाली.

रखमाजी प्रत्येक विषयाची सरासरी काढी. यंदा मार्गासनीत वाचनाची एकाहत्तर, इतिहासाची अडुसष्ट आणि गणिताची जेमतेम तेहतीस निघाली. त्याच पोरांची डोकी विषयागणिक एवढी बदलतील कशी? वाचन-इतिहास तोंडी होते, गणित तेवढं पाटीवर. म्हणजे तोंडी परीक्षेत गेनबा मास्तर मागून उत्तरं पुरवत असणार. इथं पाणी मुरतंय, अशी रखमाजीची खात्रीच झाली. तसा अहवाल गेला की मास्तरांची नोकरी गेलीच म्हणायची. गेल्या साली विंझरच्या कोंडिबा मास्तरांची अशाच आकड्यांवर गेली होती.

या खेपेला मात्र त्याला पक्का पुरावा हवा होता. आठ दिवसांनी तो न कळवता पुन्हा मार्गासनीत उगवला. गेनबा मास्तरांना त्यानं शाळेबाहेर विहिरीकडे पाठवलं आणि पोरांना इतिहास विचारला. सरासरी सदुसष्ट. रखमाजी खट्टू झाला. मग वाटेत स्वतः रचलेली गणितं त्यानं घातली आणि उशीर होत होता म्हणून पाट्या जागच्या जागी तपासल्या. सरासरी सत्तर.

गणितं फुटली म्हणावं, तर ती त्याच्या डोक्याबाहेर गेलीच नव्हती. मग आज वेगळं झालं काय? एरवी मास्तरांवर भरवसा नको म्हणून तो पाट्या एकावर एक रचून, फडक्यात बांधून देवळात न्यायचा आणि तिथं तपासायचा. आकडा पुसट दिसला की पोरानं घाबरून पुसला असं धरून भोपळा द्यायचा. आता त्यानं तसंच गाठोडं बांधलं, देवळापर्यंत नेलं आणि सोडलं. चौकटी निखळलेल्या पाट्या एकमेकींवर घासून निम्मे आकडे गेले होते. स्वतःचीच त्याला भयंकर लाज वाटली.

गेनबांचा अहवाल त्यानं तिथंच नव्यानं लिहिला. मग भोरला न परतता तो पुढे विंझरला गेला. कोंडिबा मास्तर भाताच्या खाचराचा बांध घालत होते. रखमाजीनं काही न लपवता सगळं सांगितलं, तुम्हाला परत कामावर घ्या असं वर लिहितो म्हणाला. चार शिव्या ऐकायची त्याची तयारी होती.

कोंडिबांनी कुदळ खाली ठेवली.

"तुमचं आकडं म्या खरं धरलं," ते म्हणाले. "शाळा सोडायच्या दिशी एकेकाला छडीनं फोडून काढलं. पोरं रडून सांगत व्हती, गुर्जी, आमी लिवलं व्हतं. म्या एकाचंबी ऐकलं न्हाई."