पाचटाचं छत

उन्हाशी हाडवैर धरून जगणारा माणूस अख्ख्या खटाव तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या नशिबी आला. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले आमचे हे काका वडूजजवळच्या पत्र्याच्या घरात दर तासाला थर्मामीटर बघून वहीत आकडा टिपतात. कुणाकडंही गेले, की चहाआधी भिंतीला तळहात लावणार आणि "ताप हाय हिला" असं गंभीरपणे सांगणार. आमच्या नव्या स्लॅबची तर त्यांनी वास्तुशांतीच्या पंगतीतच लाज काढली.

खरं दुखणं वेगळं होतं. अर्धांगवायूनं मावशी खाटेला खिळली होती आणि दुपारी पत्र्याखाली तिची काहिली व्हायची. त्यांचा सांगलीला असलेला मुलगा म्हणाला, मे महिन्यात आईला नेतो, माझ्याकडं एसी आहे. मावशीला घर सोडायचं नव्हतं. काका म्हणाले, "माझा बा मेंढरांमागं गवताच्या खोपीत ऱ्हायचा. त्याला कवा ऊन लागलं न्हाई." आणि आमच्या कोरेगावच्या मळ्यातून ट्रॉलीभर उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरलेला वाळका पाला, नेऊन त्यांनी पत्र्याखाली बांबूच्या माळ्यावर वीतभर जाड दाबून बसवलं. आता बाजरीच्या मुलखातल्या माणसाला पाचटात उसाची गोड कांडी राहतात हे कसं ठाऊक असणार? मी सांगायला हवं होतं, पण सुभेदाराला शिकवायची माझी काय टाप! आठवड्यात मुंगळ्यांची पलटण उतरली ती थेट पाहुण्यांच्या आमटीत. "रसद चुकली रं," काका म्हणाले. सगळं पाचट खाली काढलं, एकेक कांडं वेचून टाकलं, उरलेलं पाचट चुन्याच्या पाण्यात बुडवून वाळवलं आणि सत्तरीच्या त्या माणसानं शिडीवरून पुन्हा वर चढवलं.

मे महिन्यात मुलगा गाडी घेऊन आला, तोही भर दुपारी. मी तिथंच होतो. "आई, लय उकडतंय न्हवं? जाऊया?" त्यानं विचारलं. काका दहावीच्या निकालाला आल्यासारखे छताकडं बघत उभे. मावशीनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "उकडतंय कुठं? वाईच गोधडी टाक बाबा अंगावर. गारठा वाटतोय." मुलानं गोधडी पांघरली आणि न्यायचा विषय सोडला. थोडं बसून तो एकटाच सांगलीला गेला.

खोली खरंच पुष्कळ निवली होती, पण गोधडी घेण्याइतकी नव्हे. गाडी वळल्यावर काकांनी गोधडी हळूच काढली, तिच्या गळ्यावरचा घाम टॉवेलनं टिपला आणि पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. "खोटारडी हायेस," ते म्हणाले. मावशी डोळे मिटून हसत होती.